अकरा ठिगळांची शिडं

समुद्र मी अजून पाहिलेला नाही. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही म्हणाल की बाई फेकून राहिली आहे. आमच्या मोताळ्याला पाणी म्हणजे धरणाचं, आणि तेसुद्धा संक्रांतीनंतर दिवसेंदिवस मागेच सरकतं. तरी कोकणातल्या एका गलबताची दोन्ही शिडं माझ्या हातची आहेत. ती मी इथं, गावाबाहेरच्या एका बंद पडलेल्या, कापसाची सरकी काढायच्या जिनिंगच्या गोदामात बसून शिवली. त्याची ही हकीकत.

आमचं दुकान म्हणजे मी आणि आमचे हे. मी शिवते, हे बोलतात. गिऱ्हाईक काहीही मागो, ह्यांचं उत्तर ठरलेलं असतं, "होऊन जाईन." कसं होईल हा विचार माझा. मापं घेणं, कापणं, दाभणात मेण लावलेला दोरा ओवून जाड कापड टाचणं, कडेला दोर शिवणं, कड्या ठोकणं, सगळं मी करते. तळहाताला चामड्याचा पट्टा बांधावा लागतो, नाहीतर दाभण कापडाऐवजी हातातून आरपार जातं. माझ्या उजव्या हाताला त्याच्या तीन खुणा आहेत. लग्नात हाताला मेंदी लावणाऱ्या पोरी त्या खुणा पाहून दचकतात, आणि मला उगाच मोठेपणा वाटतो.

ताडपत्री म्हणजे काय, तर पसरलेलं कापड, त्यात काय एवढं, असं ज्याला वाटतं त्यानं एक शिवून दाखवावी. दोन पट्ट्यांच्या शिवणीतून पाणी आत येऊ नये, ताणल्यावर कुठं झोळ पडू नये, कापसाच्या ढिगावरून पाणी सरसर उतरून जावं. झोळ पडला की पाणी साचतं, पाणी साचलं की खालचा कापूस काळा पडतो, आणि मग गिऱ्हाईक दुकानात येऊन जे बोलतं ते छापण्यासारखं नसतं. म्हणून मला सासऱ्यांनी पहिला धडा दिला तो हाच, की ताडपत्रीला पोट नको. मी तो इतका पक्का केला की पुढं त्याच धड्यानं मला तोंडघशी पाडलं.

गिऱ्हाइकंही एकेक नमुने. धामणगाव बढ्याचा एक व्यापारी नवीन ताडपत्री चार खांबांना बांधायला लावून स्वतः उघड्या अंगानं खाली झोपायचा आणि वरून घागरी ओतायला सांगायचा. पाठ ओली झाली नाही तरच माल घ्यायचा. एकजण ताडपत्री आकसली म्हणून भांडायला आला होता. आमचे हे त्याच्या वावरात जाऊन आले, तर कुटाराचा, म्हणजे गुरांच्या भुश्याचा, ढीगच दीडपट झालेला. आता ही माणसं येत नाहीत. प्लास्टिकची निळी ताडपत्री येते, वर्षभरात फाटते, लोक दुसरी घेतात. शिवण कोणी बघत नाही. त्याचं मला वाईट वाटतं, ते लपवत नाही.

तर अमडापूरचं लग्न. मंडपाचं जाड सुती कापड माझं होतं. मंगलाष्टकं आटोपून पंगत बसली आणि वावधन सुटलं. वारा मंडपात शिरला, बाहेर निघायला त्याला वाट सापडेना, आणि अख्खा मंडप वर उचलला गेला. सहा खांब जमिनीतून उपटून अधांतरी लटकले. लोक पत्रावळी उचलून पळाले. नवरीचा मामा ओरडत होता की मंडपवाल्याला बोलवा, आणि मंडपवाल्यानं तोंडभरून माझं नाव घेतलं. मी तेव्हा स्वयंपाकाच्या पातेल्यांमागे बसले होते. तिथून मला दिसत होतं की सगळे पळताहेत आणि एकच पाहुणा मंडपाखाली उभा आहे, हातात जिलबी, मान वर.

तो नवरदेवाकडचा कोकणातला पाहुणा. समुद्रकाठी त्यांचं हॉटेल होतं. सगळे त्यांना शेठ म्हणत, म्हणून मीही म्हणते. वारा थांबल्यावर त्यांनी मला शोधून काढलं. मला वाटलं, आता भरपाई मागणार. ते म्हणाले, खांब उपटले पण एक टाका उसवला नाही, हे मी शिडांच्या बाबतीत फक्त आजोबांकडून ऐकलं होतं. ते पाहुण्यांना फिरवण्यासाठी जुन्या पद्धतीचं गलबत बांधून घेत होते. सुतार मिळाले होते. सुती शीड हातानं शिवणारं मात्र त्यांच्या भागात कोणी उरलं नव्हतं. शिवाल का, असं त्यांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत आमचे हे म्हणाले, "होऊन जाईन."

पंधरा दिवसांनी मापं आली. मापं म्हणजे गाठी मारलेले दोन लांब दोर आणि एक चित्र. गलबताला दोन शिडं, एक थोरलं, एक मागचं धाकटं. उभी असते ती डोलकाठी. तिच्यावर एक लांब वासा तिरका टांगतात, त्याला परबाण म्हणतात. शीड त्या परबाणाला बांधतात. शिडाच्या खालच्या मोकळ्या टोकाला एक दोर असतो. तो ओढून धरला की शिडात वारा भरतो, सोडला की शीड फडफडतं आणि गलबत थांबतं. एवढं मला चित्रावरून आणि फोनवरून कळलं. आता तीनकोनी ताडपत्री म्हटली तर अवघड काय त्यात?

जिनिंगच्या मालकानं गोदाम वापरायला दिलं. मी महिनाभर जमिनीवर बसून दोन्ही शिडं शिवली. बाजाराला येणारे जाणारे डोकावत. एका भाजीवाल्यानं विचारलंच, "काऊन वहिनी, धरणाचं पाणी गावात येऊन राह्यलं का?" मी कोणाकडे लक्ष दिलं नाही. काम इतकं सफाईदार झालं होतं की मी स्वतःच त्याच्या प्रेमात पडले. कुठं झोळ नाही, सुरकुती नाही, परातीच्या बुडासारखं सपाट. शिवाय अमडापूरची फजिती मनात होती. तसं पुन्हा होऊ नये म्हणून मी माझ्या अकलेनं दोन्ही शिडांना मधोमध वारा निघून जायला भोकं ठेवली. हातभर लांबीची, कडा दुमडून, दुहेरी टाक्यानं. थोरल्याला सात, धाकट्याला चार. शेठनी सांगितलं नव्हतं, पण मन लावून काम करणारं माणूस सांगायची वाट बघत नाही, असं मी ह्यांना ऐकवलं.

मग शेठ आले आणि सोबत बाबल तांडेल. तांडेल म्हणजे गलबताचा मुख्य, सुकाणू आणि दोर त्याच्या हातात. पंचाहत्तरीच्या पुढचा, बुटका, पाय फेंगडे, अंगात पांढरा सदरा. आयुष्य शिडाच्या गलबतावर गेलेलं, आणि अशी गलबतं संपल्यावर वीस वर्षं घरी बसलेला. आता पुन्हा वाऱ्यावर गलबत नेता येणार म्हणून म्हातारा उतावीळ झाला होता. शेठना मात्र शंका होती. चहा पिता पिता त्यांनी माझ्यासमोरच सांगितलं की सुती शीड खरंच ओढतं का हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ते पाहुणे बसवणार नाहीत. तांडेलानं इथं राहून शिडं नीट करून घ्यावीत. वीस दिवसांनी ते बघायला येतील. पसंत पडलं तर नारळी पौर्णिमेला गलबत वाऱ्यावर निघेल. नाहीतर इंजिन बसवायचं, शिडं शोभेला टांगायची. इंजिन चालवणारा माणूस त्यांच्याकडे होता, मग तांडेलाची गरज उरत नव्हती. एवढं सांगून शेठ गेले. म्हातारा कपातला चहा तसाच धरून बसला होता.

मग तो गोदामात जाऊन शिडावर बसला आणि हातानं चाचपायला लागला. टाके तपासले, कडेचा दोर दाबला, मान डोलावली. मी फुगले. तेवढ्यात त्याचा हात एका भोकात गेला आणि कोपरापर्यंत आत गेला. तो बराच वेळ हात तसाच ठेवून होता.

"ही भोकां कित्याक गो?"

मी म्हटलं, "वारा निंघून जायाले. नाही त तुमचं गलबत उडून जाईन ना बाबा."

"वारो सोडून दिलंस, मगे ऱ्हवला काय?"

मग त्याला सपाटपणाही कळला. शिडाला पोट लागतं म्हणे. वारा साचावा, झोळ पडावा, फुगावं, यासाठीच शीड असतं. म्हणजे मी उभ्या आयुष्यात जी चूक टाळायला शिकले, नेमकी तीच इथं करायची होती. मला हसू आलं नाही, सांगते. राग आला. शेठचा, सासऱ्यांचा, आणि 'होऊन जाईन' म्हणणाऱ्याचा तर सगळ्यात जास्त. त्या दिवशी ह्यांना मी नुसती डाळ वाढली.

दुसऱ्या दिवसापासून अकरा ठिगळं लावायला घेतली. म्हातारा रोज सोबत बसून कडेचा दोर टाचायचा. खाण्याचे त्याचे हाल होते. आमच्या घरात मासे शिजत नाहीत. आमचे हे धरणावरून आणायचे, शेजारीण रांधून द्यायची, आणि म्हातारा खाऊन म्हणायचा की ह्या माशांना चवच नाही, बिचारे गोड्या पाण्यातले. शेजारीण चिडायची, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा रांधायची.

पोटाचा प्रश्न उरला होता. सपाट कापडाला फुगवटा आणायचा कसा, हे म्हाताऱ्याला सांगता येत नव्हतं. त्यांच्याकडे शिवणारे वेगळे होते. तो फक्त हात गोल करून दाखवायचा, इथं एवढं, तिथं कमी. मी दोन दिवस डोकं खाजवलं आणि तिसऱ्या दिवशी एकदम लक्षात आलं. शिवणी उसवून प्रत्येक पट्टी टोकाकडे थोडी थोडी जास्त दाबून शिवायची, मधे मोकळी सोडायची. शिवून वर टांगली तर पोट आलं की! ह्यांनी विचारलं, "हे कसं केलं वं?" मी म्हटलं, बैलाच्या पाठीवरची झूल असते ना, वशिंडापाशी फुगीर, तशी. म्हाताऱ्यालाही तेच सांगितलं. आता वय झालं, खरं सांगायला हरकत नाही. झुलीचा काही संबंध नव्हता. झंपराला टक्स घालतात, तीच युक्ती. गावातल्या निम्म्या बायका हे जाणतात. पण दोन पुरुषांसमोर सांगायची मला लाज वाटली.

त्याच आठवड्यात मला आणखी एक गोष्ट कळली. मी म्हाताऱ्याला दोन रिळं दिली होती, पांढरं टाक्यांसाठी, लाल खुणेसाठी. संध्याकाळी बघते तर धाकट्या शिडाची एक अख्खी कड लाल दोऱ्यानं टाचलेली. टाके मात्र एकसारखे. मी बोलायला तोंड उघडलं आणि थांबले. मग आठवलं की उंबऱ्याला त्याचा पाय रोज अडखळतो, की तो दाभण कधी बघून ओवत नाही, जिभेवर धरून ओवतो. मी जवळ बसून हळूच म्हटलं, "बाबा, तुमाले दिसत नाही ना?"

म्हातारा आधी रागावला, मग त्यानं सांगितलं. काचबिंदू. उजेड आणि सावली एवढंच उरलं होतं. ते परत येणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. घरात सुनेला माहीत होतं, शेठना नाही. त्यांना कळलं तर ते लगेच इंजिन बसवतील. त्यानं माझा हात धरून सांगितलं की एवढं कोणाला बोलू नको.

मी बोलले नाही. ह्यांनासुद्धा नाही. आणि खरं सांगायचं तर त्यात माझाही स्वार्थ होता. इंजिन आलं असतं तर माझं शीड हॉटेलच्या भिंतीवर पडद्यासारखं टांगलं असतं. पण शिवता शिवता मनात यायचं की गलबतावर लेकरंबाळं बसणार, पाण्यात खडक असणार, आणि हा माणूस सुकाणू धरणार. मग हात थांबायचा. मग म्हातारा समुद्राच्या गोष्टी सांगायला लागायचा, त्याचा चेहरा उजळायचा, आणि मी पुन्हा टाके घालायला लागायचे. हे बरोबर केलं असं मी आजही म्हणत नाही.

शेठ यायचा दिवस ठरला आणि प्रश्न पडला की शीड ओढतं हे मोताळ्यात दाखवायचं कसं? युक्ती म्हाताऱ्याची. जिनिंगमधे कापसाच्या गठाणी वाहायची चार टायरांची ढकलगाडी पडून होती. पुढची चाकं वळवायला तिला लांब दांडा होता. म्हातारा म्हणाला, गाडी उलटी चालवा, म्हणजे दांडा मागे येतो, तेच सुकाणू. आम्ही मधोमध जाड बांबू रोवला, त्यावर तिरका वासा टांगला, धाकटं शीड बांधलं. गाडी कलंडू नये म्हणून सरकीची पोती ठेवली. म्हातारा मागे, एका हातात दांडा, दुसऱ्यात शिडाचा दोर. पुढे बसून मी त्याचे डोळे व्हायचं, असं आमचं दोघांचं गुपचूप ठरलं. शेठना कळू नये म्हणून खूण ठरवली. एकदा खोकले तर डावीकडे, दोनदा खोकले तर उजवीकडे.

वैशाख संपत आला होता, दुपारचा पश्चिमेचा वारा दणकून वाहत होता. आवाराच्या भिंतीवर निम्मा बाजार चढून बसला होता. शेठ पांढऱ्या गाडीतून उतरले. त्यांना आधी संशय आला की जमीन उताराची असेल. त्यांनी पाण्याची बाटली आडवी ठेवून पाहिली, ती हलली नाही. मग मागून कोणी ढकलणार नाही याची खात्री करायला आमच्या ह्यांना आपल्याजवळ उभं केलं.

म्हाताऱ्यानं दोर ओढला. शीड एकदा फडफडलं, मग ठप्प आवाज करून भरलं. पोट अगदी गोल आलं. माझी ठिगळं ताणली गेली, एकही सरकलं नाही. आणि गाडी हलली. आधी हळू, मग चालत्या माणसाच्या वेगानं, मग आमच्या भाजीवाल्याला पळावं लागेल अशा वेगानं. मी आजवर वारा अडवायचंच काम केलं होतं. तो मला पाठीवर घेऊन निघालाय म्हटल्यावर मी चक्क हसायला लागले. दोनदा खोकले, गाडी उजवीकडे वळली, विहीर चुकली. एकदा खोकले, कडुलिंब चुकला. भिंतीवरून शिट्ट्या वाजत होत्या.

आणि मग धुळीचा लोट आला आणि मला खरा खोकला लागला. थांबेचना. म्हातारा बिचारा प्रामाणिक, एकदा डावीकडे, दोनदा उजवीकडे, पुन्हा डावीकडे. गाडी सापासारखी वळवळत सरळ शेठच्या पांढऱ्या गाडीकडे निघाली. मला आवाज फुटेना. शेवटी म्हाताऱ्यालाच काहीतरी उमगलं असावं, त्यानं हातातला दोर सोडून दिला. शीड रिकामं होऊन फडफडलं आणि आम्ही त्या गाडीपासून दोन हातांवर थांबलो.

शेठ धावत आले. मला वाटलं, मेले. पण त्यांचं लक्ष शिडाकडे होतं. त्यांनी कापडाला हात लावला, पोटावरून फिरवला, आणि म्हणाले की इंजिनवाल्याला मी आत्ता फोन करून नको म्हणून सांगतो. काय वळणं घेतलीत तांडेल, शेवटी तर कमालच केलीत, माझ्या गाडीपाशी आणून थांबवलीत. नारळी पौर्णिमेला सुकाणू तुमच्याच हाती. त्यांनी खिशातून फोन काढला आणि तिथंच उभं राहून इंजिनवाल्याला नकार दिला.

मी म्हाताऱ्याकडे पाहिलं. जिंकला होता. मी डोळे पुसत होते, धुळीनंही आणि तसंही. म्हातारा शेठचा फोन संपेपर्यंत थांबला. मग दांड्यावरचा हात न काढता म्हणाला,

"शेटानू, माका दिसना नाय. ही बाय खोकता, तसो मी वळतंय."

शेठना आधी समजलं नाही. मी मान खाली घातली तेव्हा समजलं.

"इंजिन नको म्हणान गप ऱ्हवलंय," म्हातारा म्हणाला. "पण गलबतार लोकांची पोरां बसतली. थंय डोळस माणूस होयो. मी धक्क्यार बसान शिकवीन."

भिंतीवरच्या माणसांनी शिट्ट्या थांबवल्या. काय झालं ते त्यांना ऐकू गेलं नसेल, पण काहीतरी झालं हे कळलं असावं. शेठच्या हातात फोन तसाच होता. मला भीती होती की आता तो पुन्हा इंजिनवाल्याला लावतील. त्यांनी तो खिशात ठेवला आणि म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, मग तुमच्यासाठी काय करू, तांडेल?

म्हाताऱ्यानं सुटलेला दोर चाचपून शोधला, मुठीभोवती एक वेढा घेतला आणि तोंड वाऱ्याकडे केलं.

"आजून एक फेरो मारूया?"

शेठनी बूट काढले, पँट वर दुमडली, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून ती गाडी म्हाताऱ्यासकट पुन्हा आवाराच्या पश्चिमेच्या टोकाला ढकलत नेली.